‘सव्वा लाख बांगडी फुटली’: लक्षणा की व्यंजना?

पाटीपेन्सिल (प्रश्न)

नमस्कार.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ अडला की घेतलेला त्याच्याशी संबंधित अर्थ) आणि व्यंजना (केवळ सूचित होणारा अर्थ) या तीन शब्दशक्ती शिकवताना व्याख्या सांगून होईपर्यंत सारे सुरळीत चालते. उदाहरणांपाशी आले की वर्गात वाद सुरू होतो, आणि तो वाद केवळ विद्यार्थ्यांच्या अपुऱ्या तयारीतून निघतो असे मला आता वाटत नाही. ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ हे वाक्य माझ्याजवळच्या एका मार्गदर्शक पुस्तकात लक्षणेखाली दिले आहे, तर दुसऱ्यात व्यंजनेखाली. लक्षणेच्या बाजूने असे सांगतात की बांगडी या शब्दाने येथे दागिना अभिप्रेत नसून त्या बांगड्या ज्यांच्या नावाने भरल्या होत्या ते पुरुष अभिप्रेत आहेत. व्यंजनेच्या बाजूने असे सांगतात की त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवा झालेल्या स्त्रियांच्या बांगड्या खरोखरच फुटल्या होत्या, म्हणजे मूळ अर्थ कोठेच अडत नाही, आणि सैनिकांचा मृत्यू हा केवळ सूचित झालेला अर्थ आहे. मला दोन्ही बाजू पटतात, आणि उत्तरपत्रिका तपासताना तेच अडचणीचे ठरते.

दुसरा प्रश्न याला लागूनच आहे. इंग्रजी माध्यमातून आलेले विद्यार्थी अभिधा म्हणजे डिनोटेशन, लक्षणा म्हणजे कनोटेशन आणि व्यंजना म्हणजे इम्प्लिकेशन असे समीकरण मांडतात. दिसायला ते नेटके आहे. पण ‘वारला’ आणि ‘मेला’ या दोन शब्दांत जो फरक आहे तो या समीकरणाप्रमाणे लक्षणेत मोडायला हवा, आणि ‘मेला’ म्हणताना आपण मुख्य अर्थ सोडून दुसरा अर्थ तर घेत नाही. मग शब्दाला चिकटलेल्या या छटेला आपल्या परंपरेत जागा कोठे आहे?

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदातीर (उत्तर)

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. दुसऱ्याचे उत्तर माझ्यापेक्षा भाषाविज्ञानाचे अभ्यासक चांगले देतील.

संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या दुसऱ्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, लक्षणेला तीन अटी घातल्या आहेत. मुख्यार्थाचा बाध व्हावा, म्हणजे सरळ अर्थ अडावा, नव्या अर्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध असावा, आणि हे स्थलांतर एक तर रूढीने झालेले असावे किंवा एखाद्या प्रयोजनासाठी केलेले असावे. त्याचे उदाहरण सर्वांना ठाऊक असलेलेच आहे: ‘गङ्गायां घोषः’, म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. वाहत्या पाण्यावर वस्ती असू शकत नाही, म्हणून गंगा या शब्दाने गंगेचा काठ घ्यायचा. आपल्याकडची बहुतेक पाठ्यपुस्तके येथे थांबतात, आणि माझ्या मते सगळा घोटाळा या थांबण्यातून होतो. मम्मट पुढे विचारतो की काठच म्हणायचा होता, तर वक्त्याने सरळ ‘गंगेच्या काठावर’ असे का म्हटले नाही? ‘गंगेवर’ म्हटल्याने त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्य मनात उभे राहते, हे त्याचे प्रयोजन. हा गारवा म्हणजे लक्ष्यार्थ, म्हणजे लक्षणेने मिळालेला अर्थ, नव्हे. लक्ष्यार्थ काठ एवढाच आहे. गारवा आणि पावित्र्य ही व्यंजनेची कमाई आहे, आणि ती लक्षणेच्या पाठीवर बसून आली आहे. म्हणून या व्यंजनेला लक्षणामूला म्हणतात. तात्पर्य, जेथे लक्षणा प्रयोजनासाठी केलेली आहे तेथे व्यंजना असतेच. ‘लक्षणा की व्यंजना’ हा प्रश्न अशा वाक्याला विचारणेच चुकीचे आहे.

आता बाधाविषयी. बांगड्या खरोखर फुटल्या, मग बाध कोठे झाला, हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याचा विचार जुन्यांनी केलेला आहे. शब्दांचा परस्पर अन्वयच लागत नाही, हा बाधाचा एक प्रकार झाला. परंतु ‘कावळ्यांपासून दही राख’ या वाक्यात अन्वय निर्वेधपणे लागतो. तरीही मांजर आले तर त्याला दही खाऊ द्यावे असे कोणी समजत नाही. येथे कावळा म्हणजे दही खाणारा कोणताही प्राणी. अन्वय लागूनही वक्त्याचे तात्पर्य लागत नाही, म्हणून लक्षणा करावी लागते. ‘भाषापरिच्छेदा’त, म्हणजे न्यायशास्त्रावरील ग्रंथात, लक्षणेचे बीज तात्पर्याच्या अनुपपत्तीत, म्हणजे तात्पर्य न लागण्यात, आहे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि काशीत राहिलेले आपले वैयाकरण नागेशभट्ट काळे यांनीही ‘परमलघुमंजूषे’त याच मताला झुकते माप दिले आहे. हे मत घेतले की आपल्या वाक्यातील अडचण निम्मी सुटते. पानिपताची वार्ता सांगणाऱ्याला काचेच्या बांगड्यांची वार्ता सांगायची नव्हती.

उरलेली निम्मी अडचण वाक्यातील संख्या सोडवते, असे मला वाटते. एका स्त्रीच्या हातात एकच बांगडी नसते. बांगड्या मोजायच्या असत्या तर आकडा कितीतरी वाढला असता, आणि शिवाय त्या मोजल्या कोणी? सव्वा लाख ही मोजणी माणसांची आहे आणि ती बांगडी या शब्दाला लावली आहे. संख्येचा बांगडीशी प्रामाणिक अन्वय लागत नाही, म्हणजे वाक्यातच बाध आहे. शिवाय ‘बांगडी’ हे एकवचन पाहावे. बखरींच्या भाषेत ‘दहा हजार घोडा’ असे येते, आणि तेथे घोडा म्हणजे घोडेस्वार. ‘सव्वा लाख बांगडी’ ही त्याच मोजणीच्या पद्धतीतली रचना आहे. स्वार मोजायला घोडा, आणि मेलेले मोजायला बांगडी.

म्हणून माझे उत्तर असे: बांगडी या शब्दावर लक्षणा आहे, आणि घरोघरच्या उद्ध्वस्तपणाचा जो प्रत्यय येतो ती त्या लक्षणेवर उभी असलेली व्यंजना आहे. दोन्ही पुस्तके अर्धी बरोबर आहेत.

कोशवाचक (उत्तर)

गोदातीर यांच्याशी पहिल्या प्रश्नावर सहमत आहे. दुसऱ्या प्रश्नातील समीकरण मात्र मुळातूनच सोडून द्यावे, असे मी सुचवीन.

कनोटेशन हा शब्द जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तर्कशास्त्रात वापरला तेव्हा त्याचा अर्थ भावनिक छटा असा नव्हता. एखादे नाव ज्या गुणधर्मांच्या आधारे वस्तूला लागू होते ते गुणधर्म, असा त्याचा अर्थ होता. साहित्याच्या वर्गात आज जो अर्थ चालतो, म्हणजे शब्दासोबत मनात येणाऱ्या आठवणी, मानापमान, जवळीक, शुभाशुभ, तो त्याहून वेगळा आहे. जेफ्री लीच या इंग्रज भाषावैज्ञानिकाने १९७४ साली अर्थाचे सात प्रकार मांडले आणि त्यांपैकी बरेचसे ‘साहचर्याचा अर्थ’ या एका छत्राखाली आणले. आपल्याला हवी असलेली संज्ञा ही आहे: सहचारी अर्थ. आणि सहचारी अर्थ म्हणजे लक्षणा नव्हे. लक्षणेत शब्द एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जातो. ‘ए रिक्षा, स्टेशनला येणार का?’ असे आपण म्हणतो तेव्हा रिक्षा हा शब्द चालकावर जातो, आणि त्यात भावनेची छटा जवळजवळ शून्य असते. उलट ‘मेला’ हा शब्द कोठेही जात नाही, आणि तरीही त्याची छटा ऐकणाऱ्याला बोचते.

‘मेला’चेच उदाहरण थोडे लांबवतो, कारण मराठीत या क्रियेची जेवढी नावे आहेत तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाची असतील. वारला, गेला, निवर्तला, देवाज्ञा झाली, निधन पावला, कैलासवासी झाला, धारातीर्थी पडला, कामी आला, खपला. घटना एकच आहे. पण ‘खपला’ म्हणणाऱ्याच्या मनात मृताविषयी आदर नाही. ‘कामी आला’ म्हणणारा त्या मृत्यूला कोणाच्या तरी सेवेत जमा करतो. ‘धारातीर्थी पडला’ म्हणणारा रणांगणाला तीर्थ करतो. आणि ‘देवाज्ञा झाली’ म्हणणारा कर्तेपण पूर्णपणे वर सोपवून मोकळा होतो. यांपैकी काही शब्द जन्मतः लाक्षणिक होते, जसे ‘गेला’ किंवा ‘कामी आला’, परंतु आज ते ऐकताना कोणाच्याही मनात आधी मूळ अर्थ येऊन, अडून, मग नवा अर्थ येत नाही. उलट ‘हा मेला पाऊस थांबतच नाही’ या वाक्यात ‘मेला’ हा शब्द खरोखर लाक्षणिक आहे, कारण पाऊस मरू शकत नाही. विद्यार्थ्यांना ही दोन ‘मेला’ शेजारी ठेवून दाखवली तर समीकरण आपोआप मोडेल.

आता या छटेला आपल्या परंपरेत जागा कोठे, हा आपला खरा प्रश्न. मला वाटते की सर्वांत जवळची जागा संस्कृत काव्यशास्त्रकार कुंतकाच्या ‘वक्रोक्तिजीविता’त, ‘पर्यायवक्रता’ या कल्पनेत आहे. पर्यायवक्रता म्हणजे एकाच वस्तूच्या अनेक नावांपैकी नेमके एक नाव निवडण्यातील चमत्कार. ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात बटूच्या वेषातील शंकर पार्वतीला सांगतो की, त्या कपालीच्या समागमाची इच्छा धरल्यामुळे चंद्राची कला आणि तू अशा दोघीही आता कीव करण्याजोग्या झाला आहात. कपाली म्हणजे शंकरच, आणि पिनाकी म्हणजेही शंकरच. पण पिनाकी म्हटले की हातात धनुष्य येते, कपाली म्हटले की कवटी येते. पार्वतीला परावृत्त करू पाहणाऱ्याच्या तोंडी कवटीच शोभते. निर्देश एक, सहचार दोन. हा फरक अभिधेत मावत नाही, लक्षणेचा येथे संबंध नाही, आणि म्हणून तो व्यंजनेच्या, त्यातही शाब्दी व्यंजनेच्या, पदरात पडतो.

कसोटी सोपी आहे. शब्द काढून त्याच्या जागी समानार्थी शब्द घालावा. सूचित अर्थ नाहीसा झाला तर ती व्यंजना शब्दाच्या आश्रयाने होती. टिकून राहिला तर अर्थाच्या आश्रयाने. ‘मित्राच्या उदयाने कोणाला आनंद होत नाही?’ यात ‘मित्र’ काढून ‘सूर्य’ घातला की सगळा खेळ संपतो. ‘सूर्य मावळला’ याऐवजी ‘सूर्यास्त झाला’ म्हटले तरी, गुरे आत घ्या किंवा दुकान आवरा हा इशारा जसाच्या तसा राहतो.

जाता जाता एक गोष्ट. व्यंजना म्हणजे टोमणा, अशी समजूत विद्यार्थ्यांत फार पसरलेली आहे. हिंदीत व्यंग्य म्हणजे उपहास, मराठीत व्यंगचित्र आणि शारीरिक व्यंग, यांच्या सहवासाने बिचारा व्यंग्यार्थ बदनाम झाला आहे. टोमण्यात व्यंजना असते हे खरे, परंतु संध्याकाळी ‘सूर्य मावळला’ म्हणणारा गुराखी कोणाला टोमणा मारत नाही.

माजघर (उत्तर)

मी संस्कृतची अभ्यासक नाही, परंतु या वाक्यातील एका शब्दाकडे अद्याप कोणी पाहिलेले नाही असे वाटल्यामुळे लिहिते. आपण सर्व ‘बांगडी’विषयी बोलत आहात. ‘फुटली’चे काय?

आमच्या पिढीच्या घरांत बांगडी फुटत नसे. ती ‘वाढत’ असे. धुणे धुताना हातावर आपटून बांगडीचे तुकडे झाले तरी ‘बांगडी वाढली’ असेच म्हणायचे, आणि एखाद्या मुलीने अजाणता ‘फुटली’ म्हटले तर मोठ्या बायका तिला तेथेच थांबवीत. मंगळसूत्र तुटत नाही, वाढते. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. वाणी रात्री दुकान बंद करत नाही, वाढवतो. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. गोदातीर यांनी दिलेल्या तीन अटी लावून पाहिल्या तर ‘वाढली’ ही चोख लक्षणा दिसते. तुकडे झालेली वस्तू वाढलेली असू शकत नाही, म्हणून बाध आहे. संबंध विरोधाचा आहे. रूढी तर आहेच, आणि अशुभ उच्चार टाळणे हे प्रयोजनही आहे.

याच्या शेजारी पानिपताचे वाक्य ठेवावे. ज्या भाषेत एका बांगडीच्या बाबतीतही ‘फुटली’ म्हणवत नाही, त्या भाषेत सव्वा लाख बांगड्यांसाठी ते क्रियापद उघडपणे वापरले आहे. ‘सव्वा लाख बांगडी वाढली’ असे कोणीही म्हटलेले नाही, आणि तसे म्हटले असते तर ते वाक्य आज कोणाच्या स्मरणात राहिले नसते. कोशवाचक यांची कसोटी येथे लावली तर उत्तर स्वच्छ मिळते. क्रियापद बदलले तरी मेलेल्यांची संख्या कळेल, पण अंगावर काटा येणार नाही. तो काटा ‘फुटली’ या शब्दाचा आहे. लक्ष्यार्थ बांगडीत असेल. सहचारी अर्थ मात्र क्रियापदात आहे.

बखरवाचक (उत्तर)

चर्चा पानिपताची चालली असल्यामुळे त्याच प्रसंगातील दुसरा मजकूर पुढे ठेवतो. मला तो बांगडीच्या वाक्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा वाटतो. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर नानासाहेब पेशव्यांना उत्तरेच्या वाटेवर असताना पराभवाची पहिली वार्ता एका सावकाराच्या पत्रातून कळली, ही हकिकत ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, अशा आशयाचा तो मजकूर होता. त्याचे शब्द ठिकठिकाणी थोडे वेगळे मिळतात. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे सामान्य फौज.

माझी शंका अशी की यात बाध कोठे आहे? पत्र सावकाराचे, विषय मोती-मोहरांचा, भाषा हिशेबाची. वाटेत ते कोणाच्या हाती पडले असते तर त्याला यात खटकण्यासारखे काहीच नव्हते. मग हीही लक्षणाच का? की ही केवळ सांकेतिक लिपी समजायची, जिचा शब्दशक्तीशी संबंध नाही?

गोदातीर (उत्तर)

बखरवाचक यांनी फार उपयुक्त उदाहरण दिले आहे.

सांकेतिक लिपीत आधी ठरलेला करार लागतो. अमुक शब्दाचा अर्थ तमुक, हे दोघांना आधी ठाऊक असावे लागते, आणि तसा करार असला तर ती फक्त नवी अभिधा झाली. या पत्राचे सामर्थ्य असे की करार नसतानाही ते कळते. तेव्हा बाध आहे, पण तो सर्वांसाठी नाही. ज्याला पत्र लिहिणारा कोणत्या बाजूने येत आहे हे ठाऊक आहे, ज्याचा मुलगा आणि चुलतभाऊ उत्तरेत आहेत, आणि बरेच दिवस ज्याला त्यांची खबर नाही, त्याला मोत्यांचा हिशेब हा मोत्यांचा हिशेब वाटूच शकत नाही. वाटेतल्या वाचकासाठी अभिधेवर वाक्य संपते; नानासाहेबांसाठी ते तेथून सुरू होते. मम्मटाने आर्थी, म्हणजे अर्थाच्या आश्रयाने होणाऱ्या, व्यंजनेची जी कारणे मोजली आहेत त्यांत वक्ता, श्रोता, आवाजाचा हेल, प्रसंग, देश आणि काल ही आहेत. बाधही या गोष्टींवर अवलंबून असतो, हे हे पत्र शिकवते.

लक्षणा येथे सादृश्यावर उभी आहे आणि उपमेय पूर्णपणे गिळून टाकलेले आहे. शास्त्रात तिला गौणी साध्यवसाना म्हणतात. पण लक्षणेने मिळतात ती फक्त माणसे: हे दोन, ते सत्तावीस, ते अगणित. मोती गळाला की पुन्हा मिळत नाही, मोहर भारी असली तरी टाकसाळीत नवी पडते, आणि खुर्दा तर कोणी मोजतच नाही, ही प्रतवारी पत्रात कोठेही लिहिलेली नाही. मला या पत्रातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. लिहिणाऱ्याने पराभव कळवला, आणि कोणाचे मरण किती किमतीचे हेही, बहुधा न ठरवता, कळवले. व्यंजना वक्त्याच्या हातात पूर्णपणे नसते.

आणि ती तर्काने सिद्धही होत नाही. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात ‘ध्वन्यालोका’त आपल्या गोदाकाठची एक गाथा घेतली आहे, ‘गाथासप्तशती’तील, महाराष्ट्री प्राकृतातील. एक स्त्री फुले वेचायला येणाऱ्या धार्मिक माणसाला सांगते की, बाबा, आता निर्धास्त हिंड. तुला त्रास देणारा तो कुत्रा आज गोदेच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या मस्त सिंहाने मारला. वाच्यार्थ ‘हिंड’ असा आहे, व्यंग्यार्थ ‘फिरकू नकोस’ असा. प्रियकराला भेटण्याची जागा तिला मोकळी हवी आहे. व्यंजना न मानणाऱ्या महिमभट्ट या काव्यशास्त्रकाराचे म्हणणे असे की ही व्यंजना नव्हेच, हे सरळ अनुमान आहे. त्यावर मम्मटाने दिलेले उत्तर मला फार शहाणपणाचे वाटते. भित्रा मनुष्यही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रेमापोटी भीतीच्या जागी जातो. कुत्र्याला शिवून घेणे टाळणारा मनुष्य सिंहाला न घाबरणारा असू शकतो. आणि सिंह तेथे आहे याला पुरावा म्हणजे त्या बाईचा शब्द. हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, असा डळमळीत असताना अनुमान उभे राहत नाही, पण अर्थ मात्र कळतो.

कोशवाचक (उत्तर)

गोदातीर यांच्या शेवटच्या परिच्छेदाला एक जोड देतो. पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९६७ च्या हार्वर्डमधील व्याख्यानांत सूचितार्थाची जी चर्चा केली, आणि जिचा एक भाग १९७५ साली छापला गेला, तिच्यात सूचितार्थाचे एक लक्षण असे दिले आहे की तो विसंगती न होता मागे घेता येतो. ‘सूर्य मावळला, पण गुरे अजून राहू द्या’ असे म्हणता येते. ‘सूर्य मावळला, पण सूर्य मावळलेला नाही’ असे म्हणता येत नाही. मम्मटाने महिमभट्टाविरुद्ध वापरलेला मुद्दा आणि हा मुद्दा यांचे नाते जवळचे आहे, जरी एकाचा रोख काव्याकडे होता आणि दुसऱ्याचा संभाषणातील सहकार्याच्या नियमांकडे. म्हणून त्या समीकरणातील तिसरी जोडी, व्यंजना आणि सूचितार्थ, ही तीन जोड्यांत सर्वांत कमी चुकीची आहे. परंतु व्यंजनेत रस आणि भाव येतात, ते ग्राइसच्या मांडणीत येत नाहीत. सहचारी अर्थही या कसोटीला उतरत नाही, हे माजघर यांच्या उदाहरणावरून दिसेल. ‘बांगडी फुटली, पण माझ्या मनात अशुभ काही नाही’ असे म्हटल्याने ते अशुभ मागे घेतले जात नाही. उलट अधिकच ठळक होते.

पाटीपेन्सिल (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माजघर यांनी ‘फुटली’कडे लक्ष वेधले ते मी उद्याच वर्गात वापरीन.

दोन गोष्टी राहिल्या. ‘घरावरून हत्ती गेला’ हे लक्षणेचे उदाहरण सर्वच पुस्तकांत आहे. त्यावर तरी वाद नाही ना? आणि परीक्षेत ‘खालील वाक्यातील शब्दशक्ती ओळखा’ असाच प्रश्न येणार असेल, तर विद्यार्थ्यांनी बांगडीच्या वाक्याखाली काय लिहावे?

गोदातीर (उत्तर)

हत्तीवर वाद आहे, निदान माझा आहे. हत्ती छपरावरून चालत जाणे अशक्य, म्हणून ‘घरावरून’ म्हणजे घराच्या जवळून, असे स्पष्टीकरण देतात. परंतु ‘पोस्टावरून पुढे गेलो’, ‘देवळावरून वळा’, ‘शाळेवरून बस जाते’ असे आपण दिवसभर बोलतो, आणि एकदाही छप्पर मनात येत नाही. ‘वरून’ या शब्दयोगी अव्ययाचा ‘जवळून, समोरून’ हाही मराठीत सरळ अर्थच आहे. चौदाव्या शतकात काव्यशास्त्रकार विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त ‘कुशल’ या शब्दाविषयी हाच आक्षेप घेतला होता. कुश कापून आणणारा तो कुशल, आणि त्यावरून लक्षणेने निपुण, असे मम्मट मानतो. विश्वनाथ म्हणतो की शब्दाची व्युत्पत्ती वेगळी आणि त्याच्या वापराचे कारण वेगळे. निपुण हाच कुशल शब्दाचा मुख्यार्थ आहे, बाध होतच नाही. मी येथे विश्वनाथाच्या बाजूचा आहे. हत्तीच्या वाक्यात जी गंमत वाटते ती हत्तीमुळे वाटते. हत्ती काढून बस घातली की लक्षणाही जाते. तेव्हा रूढ लक्षणेचे उदाहरण द्यायचेच असेल तर ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ हे द्यावे. तेथे कुटुंब या शब्दाचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे आणि पत्नी हा अर्थ त्यावर बसवलेला दिसतो.

कोशवाचक (उत्तर)

परीक्षेपुरते: शब्दशक्ती ओळखा असा एका ओळीचा प्रश्न असेल तर ‘लक्षणा’ लिहावे, कारण गोदातीर यांनी दाखवल्याप्रमाणे संख्येचा अन्वय त्याशिवाय लागत नाही. ज्या प्रश्नात दोन ओळी लिहिण्यास जागा आहे तेथे विद्यार्थ्यांनी वाक्याऐवजी शब्दाचे नाव घेऊन लिहावे: ‘बांगडी’ या शब्दावर लक्षणा, ‘फुटली’ या शब्दाच्या निवडीतून व्यंजना. आपण स्वतः प्रश्नपत्रिका काढत असाल तर ‘ओळखा’ऐवजी ‘अधोरेखित शब्दाचा वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि व्यंग्यार्थ सांगा, यांपैकी एखादा नसल्यास तसे कारणासह लिहा’ असा प्रश्न घालावा. तपासायला वेळ अधिक लागेल, आणि गुण देताना दोन्ही मार्गदर्शक पुस्तके बाजूला ठेवावी लागतील.